शोधयंत्रांची प्रतिष्ठाव्यवस्था : एक चिकित्सा

एखाद्या समाजातील ज्ञानाची स्थिती केवळ ग्रंथ कोणाच्या हाती आहेत यावरून कळत नाही. ग्रंथ कोणत्या क्रमाने हाती दिले जातात हेही पाहावे लागते. ज्ञानबंदीचा इतिहास आपण जाणतो. तिचे जुने रूप उघड होते : वाचू द्यायचे नाही, ऐकू द्यायचे नाही. आज कुणालाही काहीही वाचण्याची मुभा आहे. परंतु ते पहिल्या पानावर दिसावे की चाळिसाव्या, हे दुसरेच कुणी ठरवते. आपला विद्यार्थी प्रबंधासाठी, आपला कार्यकर्ता भाषणासाठी, आपला शिक्षक टाचणासाठी आता प्रथम ग्रंथालयात जात नाही. तो गूगलला विचारतो. आणि गूगल जे पहिल्या पानावर दाखवील तेच त्या विषयाचे सत्य समजून बहुतेक जण पुढे चालू लागतात. म्हणून ही क्रमवारी कशी लागते आणि कोणते पान 'स्पॅम', म्हणजे कचरा, ठरवून बाजूला काढले जाते, हा केवळ यंत्रज्ञांचा प्रश्न राहत नाही. तो मूल्यांचा प्रश्न आहे, आणि मूल्यांचा प्रश्न आला की समीक्षेला तेथे प्रवेश करण्याचा अधिकार पोचतो.

मी संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु शोधयंत्रांच्या घडणीत ज्या निबंधांना पायाभूत स्थान आहे ते छापलेले आहेत आणि वाचता येतात. त्यांतील गणितामागे प्रतिष्ठेविषयीची काही गृहीतके आहेत. कादंबरीतील वा स्मृतिग्रंथातील गृहीतके आपण जशी तपासतो तशीच ही तपासावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मुख्यतः दोन निबंध मी समोर ठेवतो. पहिला सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांचा १९९८ चा. तो स्टॅनफर्ड विद्यापीठात लिहिला गेला आणि गूगल या शोधयंत्राची मांडणी त्यात आहे. दुसरा ग्योंग्यी, गार्सिया-मोलिना आणि पेडरसन यांचा २००४ चा. स्पॅम ओळखण्यासाठी 'ट्रस्टरँक' नावाची रीत त्यात मांडली आहे. आजचे यंत्र या दोन सूत्रांवरच चालते असे नव्हे. त्यात शेकडो निकष मिसळलेले आहेत. परंतु विचाराची दिशा या दोन निबंधांत जितकी स्वच्छ दिसते तितकी कंपनीच्या जाहीर निवेदनांत दिसत नाही.

ब्रिन आणि पेज यांच्यापूर्वी काय होते ते आधी पाहू. १९९५ साली सुरू झालेल्या अल्टाविस्टासारख्या यंत्रांचा भर पानावरील शब्दांवर होता. विचारलेला शब्द पानावर किती वेळा आणि कोठे आला, यावरून पानाची योग्यता ठरे. साहजिकच पानाच्या तळाशी तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवणारे निपजले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्द भरले की वाचकाला काही दिसत नसे आणि यंत्राला सारे दिसे. दुसरा मार्ग याहूचा. १९९४ पासून त्यांनी माणसांकरवी संकेतस्थळांची सूची करवली. पण जग वाढत गेले तशी सूची अपुरी पडत गेली आणि २०१४ च्या अखेरीस ती बंद झाली. तिसरा मार्ग उघड बाजाराचा होता. गोटू नावाच्या यंत्राने १९९८ साली जागेचा लिलावच मांडला : जो अधिक बोली लावील त्याचे पान वर.

या तीन मार्गांच्या तुलनेत ब्रिन-पेज यांचा मार्ग पुरोगामी होता, हे निखळपणे मान्य केले पाहिजे. एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखवले, म्हणजे दुवा दिला, तर ते एक मत समजावे, असे त्यांनी म्हटले. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली शास्त्रीय निबंधांतील संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ पासून ती सूची प्रत्यक्षात निघू लागली. कोणता निबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केला यावरून त्याचे महत्त्व मोजता येते, हा विचार तेथला. ब्रिन-पेज यांनी त्यात एक भर घातली. सर्व मते सारखी नाहीत, असे ते म्हणाले. ज्याला स्वतःलाच पुष्कळ मते मिळाली आहेत त्याचे मत जड. ज्याला कुणी विचारत नाही त्याचे मत हलके.

सूत्र सोप्या भाषेत असे सांगता येईल. प्रत्येक पानाजवळ प्रतिष्ठेचे काही भांडवल आहे. ते पान ज्या ज्या पानांकडे बोट दाखवते त्यांच्यात हे भांडवल सारखे वाटून टाकते. त्या पानांना मिळालेला वाटा ती पुढे वाटतात. हे पुन्हा पुन्हा करीत गेले की शेवटी आकडे स्थिरावतात आणि तीच पानाची योग्यता. यात एक गुणक आहे, तो बहुधा ०.८५ धरतात. त्याचा अर्थ असा की रुपयातील पंच्याऐंशी पैसे दुव्यांच्या वाटेने वाहतात आणि उरलेले पंधरा पैसे जगातील सर्व पानांना सारखे वाटले जातात. एखादा वाचक दुवे धरून हिंडता हिंडता कंटाळला तर कोठल्याही पानावर सहज उडी मारील, अशी कल्पना त्यामागे आहे. या सूत्रात समतेचा जो काही अंश आहे तो या पंधरा पैशांत आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काय होते ते पाहायचे आहे.

आता प्रश्न असा की या व्यवस्थेत पानावर काय लिहिले आहे याला स्थान कोणते? शब्द जुळतात की नाही हे यंत्र पाहते. परंतु जुळणाऱ्या हजारो पानांत श्रेष्ठ कोण, हे हे सूत्र त्या पानाला विचारत नाही. ते इतरांना विचारते. तुझ्याकडे कोण बोट दाखवतो, आणि त्याच्याकडे कोण दाखवतो? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापण्याचे नाकारले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित मराठी पानाने दुवा नाकारला. १९२० च्या मराठी वृत्तपत्रसृष्टीला हे सूत्र लावले असते तर 'मूकनायक'च्या वाट्याला ते पंधरा पैशांतले तेवढे आले असते. त्या पत्रातील विचारांचे वजन आज कुणी नाकारू शकत नाही. पण ते वजन तेव्हाच्या दुव्यांत उतरलेले नव्हते, आणि जे दुव्यांत उतरत नाही ते मोजण्याचे साधन या सूत्राजवळ नाही.

यावर कुणी म्हणेल की सूत्र निःपक्षपाती आहे, पक्षपात समाजात आहे. म्हणणे बरोबर आहे, पण अपुरे आहे. समाजातील पक्षपात मोजणारे यंत्र जेव्हा ते माप योग्यता म्हणून परत समाजाच्या हाती देते, तेव्हा ते यंत्र त्या पक्षपाताचे भागीदार होते. जे पान वर दिसते ते अधिक वाचले जाते. जे अधिक वाचले जाते त्याला अधिक दुवे मिळतात. अधिक दुव्यांमुळे ते आणखी वर जाते. अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका अल्बर्ट यांनी १९९९ साली हेच दाखवून दिले होते. नवे पान जोडले जाताना ते आधीच पुष्कळ दुवे असलेल्या पानाशी जोडले जाण्याची शक्यता अधिक, आणि त्यातूनच थोड्यांजवळ अमाप व बहुसंख्यांजवळ जवळजवळ काहीच नाही, अशी रचना उभी राहते. ही रचना कुणी हुकूम काढून केलेली नसते, आणि म्हणूनच ती स्वाभाविक वाटू लागते. विषमता स्वाभाविक वाटू लागणे ही विषमतेची सर्वांत सुरक्षित अवस्था असते, हे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

दुवा म्हणजे मत ठरले तेव्हा मतांची खरेदी-विक्री सुरू झाली. परस्परांना दुवे देणारी हजारो पोकळ पाने उभारली गेली. दुवे विकणाऱ्यांचा धंदा झाला. लेखांखालच्या प्रतिक्रियांत दुवे पेरणारी यंत्रे निघाली. त्यावर उपाय म्हणून २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांनी दुव्याला लावायची एक खूण मान्य केली. तिचा अर्थ असा : मी या पानाचा उल्लेख करतो आहे, पण माझी प्रतिष्ठा त्याला देत नाही. २००७ साली इंग्रजी विकिपीडियाने आपल्या सर्व बाहेरच्या दुव्यांना ही खूण लावली. गूगल २०१९ पासून या खुणेला केवळ सूचना मानते, आज्ञा नव्हे. तरीही ही कल्पना मला अर्थपूर्ण वाटते. नाव घ्यायचे, पण वजन द्यायचे नाही! मराठी समीक्षेत दलित साहित्याचा उल्लेख 'आणखी एक प्रवाह' म्हणून शेवटच्या परिच्छेदात करण्याची जी रीत होती, तिला यंत्राच्या भाषेत याहून नेमके नाव मिळणार नाही.

या बाजारात लहान ठग होते तसे मोठेही होते. २००६ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीचे संकेतस्थळ गूगलने वगळले, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे पान दाखवण्याची युक्ती तेथे केलेली होती. ते काही दिवसांतच परत आले. २०११ साली जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीसाठी हजारो असंबद्ध पानांवर दुवे पेरलेले होते, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले. तेव्हा गूगलने कारवाई केली. अपराध वृत्तपत्राने दाखवावा लागला, यंत्राला तो दिसला नव्हता, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

आता दुसऱ्या निबंधाकडे येऊ. त्याचा युक्तिवाद असा : चांगली पाने वाईट पानांकडे सहसा बोट दाखवत नाहीत. म्हणून काही निःसंशय चांगली पाने माणसांनी निवडावीत, त्यांना 'बीज' मानावे, आणि त्या बीजांपासून दुव्यांच्या वाटेने विश्वास वाहू द्यावा. बीजापासून जितके दूर जावे तितका विश्वास पातळ होत जाईल. जेथे तो पोचणार नाही ते संशयास्पद. अल्टाविस्टाच्या ऑगस्ट २००३ मधील संग्रहातील सुमारे ३ कोटी १० लाख संकेतस्थळांवर हा प्रयोग करण्यात आला. एवढ्या जगासाठी बीजे किती? दोनशेहूनही कमी. आणि बीज निवडताना ज्या स्थळामागे शासन, शिक्षणसंस्था किंवा कंपनी अशी स्पष्ट ओळखता येणारी अधिसत्ता उभी आहे, अशी स्थळे पसंत केली गेली.

गणिताच्या दृष्टीने ट्रस्टरँक म्हणजे जुनेच सूत्र आहे. फरक फक्त एका ठिकाणी आहे. पूर्वी जे पंधरा पैसे सर्वांना सारखे मिळत होते ते सर्वांकडून काढून घेऊन केवळ बीजांना दिले जातात. समतेचा तेवढा अंशही निवडलेल्यांच्या स्वाधीन होतो. मला वाटते, शोधयंत्रांच्या विचारातील हे वळण आपण नीट समजून घेतले पाहिजे. पहिल्या सूत्रात प्रतिष्ठा कोठूनही उगम पावू शकत होती, मग ती कितीही क्षीण असो. दुसऱ्यात तिचा उगम ठरलेला आहे. बाकीच्यांनी आपल्या योग्यतेसाठी त्या उगमाशी आपले नाते सिद्ध करायचे.

याचीच दुसरी बाजू २००६ साली स्टॅनफर्डमधील कृष्णन आणि राज यांच्या निबंधात दिसते. तेथे विश्वासाऐवजी अविश्वास वाहतो, आणि उलट्या दिशेने : जे पान कचऱ्याकडे बोट दाखवते तेही संशयास्पद, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारेही. संकेतस्थळचालकांना गूगलने दिलेल्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत तर 'वाईट वस्ती' या अर्थाचाच शब्दप्रयोग होता. वाईट वस्तीकडे दुवे देऊ नका, तुमच्या क्रमावर परिणाम होईल, असा तो इशारा होता. २०१२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या पेंग्विन नावाच्या सुधारणेने आणखी पुढचे पाऊल टाकले. तुम्ही कुणाकडे बोट दाखवता एवढेच नव्हे, तर तुमच्याकडे कोण बोट दाखवतो यावरूनही शिक्षा होऊ लागली. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेदाव्याची सोय करण्यात आली. अमुक अमुक स्थळांशी माझा संबंध नाही, असे लिहून द्यायचे आणि आपले नाव स्वच्छ करून घ्यायचे. २०१६ साली ही शिक्षा सौम्य झाली. असे दुवे आता बहुतांशी मोजलेच जात नाहीत.

बीज, संसर्ग, वस्ती, बेदावा! हे शब्द वाचून आपल्यापैकी कुणालाही दुसरीच एक व्यवस्था आठवेल. परंतु येथे घाई करून चालणार नाही. शोधयंत्र म्हणजे जातिव्यवस्था असे विधान टाळ्या मिळवील, पण ते खरे नाही. जात जन्माने चिकटते. दुवा माणूस देतो आणि काढूनही घेऊ शकतो. विटाळाच्या कल्पनेमागे कोणाचाही अपराध नसतो. स्पॅममागे खरोखरीच फसवणूक असते. यंत्राला आडनाव कळत नाही. ही साम्याची मर्यादा आहे आणि ती मान्य केल्याशिवाय चिकित्सा प्रामाणिक होणार नाही. साम्य आहे ते एवढेच, पण एवढे मात्र निश्चित आहे : दोन्ही ठिकाणी योग्यता ही व्यक्तीच्या कृतीतून मोजली जाण्याऐवजी संबंधांतून मोजली जाते, दोन्ही ठिकाणी उगमापासूनचे अंतर हे माप आहे, आणि दोन्ही ठिकाणी तळाशी असलेल्याला वर येण्यासाठी वरच्याच्या मान्यतेवाचून दुसरा मार्ग जवळजवळ ठेवलेला नाही. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे एक लक्षण असे की प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्या पायरीकडे तोंड करून उभा राहतो. या यंत्राच्या जगातही प्रत्येक लहान संकेतस्थळ वरच्याने आपल्याकडे पाहावे म्हणून धडपडते; शेजारच्या लहानाकडे बोट दाखवण्यात त्याला लाभ दिसत नाही.

दुसऱ्या एका भाबडेपणापासूनही सावध राहिले पाहिजे. स्पॅम हा शब्द प्रस्थापितांनी बाहेरच्यांना हाणलेली शिवी आहे, म्हणून स्पॅम करणारा हा एक प्रकारचा विद्रोही, असे म्हणणारे काही तरुण मला भेटतात. हे म्हणणे मला मान्य नाही. विद्रोही व्यवस्थेचे माप नाकारतो. स्पॅम करणारा ते माप मनापासून मानतो आणि खोटी वजने वापरतो. तो दलाल आहे. खोटी औषधे, खोटी कर्जे, खोट्या नोकरभरतीच्या जाहिराती यांच्या पानांना वर चढवणारा हाच असतो आणि त्याच्या जाळ्यात सापडतो तो आपल्यातलाच नोकरी शोधणारा मुलगा. कचरा काढला पाहिजे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कचरा ओळखण्याच्या निकषाबद्दल.

आणि हा निकष किती कच्चा आहे, हे प्रस्थापितांनीच सिद्ध केले. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलने स्पॅमविषयक धोरणात तीन नवे अपराध घातले. यंत्राकडून वा माणसांकडून ढिगांनी मजकूर पाडणे हा एक. मालकाने सोडून दिलेल्या जुन्या संकेतस्थळाचे नाव विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर धंदा करणे हा दुसरा. तिसरा मला सर्वांत बोलका वाटतो : नामवंत संकेतस्थळाने आपल्या प्रतिष्ठेचा कोपरा दुसऱ्याला भाड्याने देणे. बातम्यांसाठी विश्वासार्ह मानल्या गेलेल्या स्थळांवर सवलतीच्या कूपनांची आणि बाहेरच्यांनी भरलेल्या शिफारशींची पाने दिसू लागली होती, ती यामुळे. चांगली पाने वाईटाकडे बोट दाखवत नाहीत, या गृहीतकावर सारी इमारत उभी होती. प्रत्यक्षात भाडे मिळाले की चांगल्यांनी बोट दाखवले. प्रतिष्ठा ही मालमत्ता झाली की ती भाड्याने जाणारच, यात नवल वाटण्याचे कारण नाही.

क्रमवारीला समाजाचे पूर्वग्रह कसे चिकटतात याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतील कृष्णवर्णीय अभ्यासक सफिया उमोजा नोबल यांनी दिला. 'अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन' या त्यांच्या २०१८ च्या ग्रंथात हा अनुभव आहे. 'काळ्या मुली' या अर्थाचे दोन साधे इंग्रजी शब्द गूगलला विचारले असता पहिल्या पानावर अश्लील स्थळे आली. विचारणारीने अश्लील असे काहीही विचारलेले नव्हते. ते निकाल पुढे बदलले. परंतु ते मुळात तसे का होते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. लटान्या स्वीनी यांनी २०१३ साली दाखवले की कृष्णवर्णीयांत आढळणारे नाव शोधले असता त्याच्या बाजूला अटकेच्या नोंदी सुचवणारी जाहिरात येण्याची शक्यता गोऱ्यांच्या नावांपेक्षा जास्त होती. अमेरिकेतील खटल्याच्या साक्षीत २०२३ साली असेही उघड झाले की लोक कोणत्या निकालावर बोट दाबतात याची १३ महिन्यांची नोंद क्रमवारीसाठी वापरली जाते. बहुसंख्य जे निवडतील ते वर, असा याचा अर्थ. ज्या समाजात बहुसंख्यांची रुचीच पूर्वग्रहाने घडलेली आहे तेथे या लोकशाहीचा निकाल काय लागेल हे सांगावयास नको.

आणि पैशाचे काय? १९९८ च्या निबंधाच्या परिशिष्टात ब्रिन आणि पेज यांनी स्वतःच म्हटले होते की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकांच्या गरजांपासून दूर जाईल. २००० च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने जाहिरातींचा धंदा सुरू केला आणि आज त्याच उत्पन्नावर ती कंपनी प्रामुख्याने उभी आहे. २०१८ साली भारताच्या स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल तिला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. तिने त्यावर अपील केले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील न्यायालयाने तिने बेकायदा मक्तेदारी टिकवल्याचा निर्णय दिला. फोन आणि ब्राउझर यांत आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून २०२१ या एकाच वर्षात तिने २६०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजली, हे त्या खटल्यात पुढे आले. दुवे विकत घेणे हा अपराध. प्रवेशद्वारच विकत घेणे हा मात्र बरीच वर्षे व्यवहार होता.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या चळवळीचे वाङ्मय नक्कल करून वाढले. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर मांडलेल्या पुस्तिका, जयंतीच्या स्मरणिका, हातोहात फिरणारी भाषणे : एकच मजकूर दहा ठिकाणी छापला जाणे हा आपला प्रसाराचा मार्ग होता आणि त्यात कुणाला चोरी वाटली नाही. शोधयंत्राची रीत उलट आहे. एकच मजकूर दहा ठिकाणी असेल तर ते त्यातले एक पान मूळ मानते आणि बाकीची दुमडून ठेवते. ही शिक्षा नाही; पण कोणते एक पान मूळ मानायचे हे ठरवताना अनेक खुणांबरोबर प्रतिष्ठाही मोजली जाते. म्हणून बाबासाहेबांचे भाषण एखाद्या गावच्या मंडळाने कितीही कष्टाने टंकित केले तरी दिसते ते बहुधा दुसऱ्याच कुणाचे पान. यापेक्षाही मोठी अडचण लिपीची. आपली पुष्कळ नियतकालिके आणि पुस्तके जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेली आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसतात. त्यातला मजकूर यंत्राने उचलला की हाती येतात निरर्थक रोमन अक्षरे. जो यंत्राला वाचताच येत नाही त्याच्या क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही.

गूगल आपल्या निकालांची गुणवत्ता तपासण्यासाठी जगभर परीक्षक नेमते. त्यांच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रम थेट बदलत नाही, पण यंत्र नीट चालले आहे की नाही हे त्यावरून जोखले जाते. या परीक्षकांच्या सूचनांत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता हे तीन निकष होते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यांत चौथा घातला गेला : अनुभव. दलित साहित्याने अनुभवाच्या प्रामाण्याचा आग्रह धरला त्याला अर्धशतक उलटून गेले. म्हणून हा शब्द वाचून मी थबकलो. परंतु तेथे अनुभव म्हणजे मुख्यतः वस्तू वापरून पाहिल्याचा, स्थळ प्रत्यक्ष पाहिल्याचा अनुभव. आम्ही अनुभव म्हणतो तेव्हा आम्हाला अभिप्रेत असते ती भोगणाऱ्याची साक्ष, जी अधिकाऱ्याच्या साक्षीला आव्हान देते. त्याच सूचनांत पानाची ख्याती तपासण्यासाठी इतर विश्वसनीय स्थळे काय म्हणतात ते पाहावे, असेही सांगितलेले आहे. म्हणजे अनुभवालाही अखेर प्रतिष्ठेचा दाखला लागतोच.

मग करायचे काय? यंत्रावर बहिष्कार घाला असे मी म्हणणार नाही; ते शक्य नाही आणि उपयोगाचेही नाही. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या नियतकालिकांच्या सूची, निदान लेखक, शीर्षक, वर्ष आणि अंक एवढे तरी, युनिकोड देवनागरीत करून खुल्या ठेवल्या पाहिजेत. हे काम महाविद्यालयातील एक वर्ग एका सत्रात एका नियतकालिकापुरते करू शकतो. दुसरी गोष्ट, आपण एकमेकांची नावे घेतली पाहिजेत. 'तू मला दुवा दे, मी तुला देतो' असा सौदा नको. तो स्पॅमच आहे आणि यंत्र तो ओळखते. मला अभिप्रेत आहे संदर्भ देण्याची शिस्त. कोणाच्या लेखातून विचार घेतला, कोणत्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने ती माहिती जमवली, हे आपण आपल्या लेखनात लिहीत नाही, आणि मग प्रस्थापित आपली नावे घेत नाहीत म्हणून तक्रार करतो. तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. विद्यार्थ्याला इतके तरी शिकवावे की पहिला क्रमांक हा निर्णय नसून मत आहे, आणि ते कोणाकोणाच्या बोटांवरून बनले आहे हे विचारता येते. चौथी गोष्ट राजकीय आहे. युरोपात २०२० पासून शोधयंत्रांना क्रमवारीचे मुख्य निकष जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. अशी मागणी येथेही झाली पाहिजे, आणि तिच्यात पुढे हेही जोडले पाहिजे की मराठीसह प्रत्येक भारतीय भाषेत कचरा कोण ठरवतो आणि चुकून वगळल्या गेलेल्याने दाद कोठे मागायची, हे सांगितले जावे.

२०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना दुव्यांच्या आधी स्वतःच रचलेले उत्तर दाखवू लागले आहे. क्रमवारीत निदान दहा नावे दिसत होती आणि शंका घेणाऱ्याला दहावे उघडता येत होते. एकच उत्तर समोर ठेवले जाते तेव्हा ते कोणत्या पानांतून रचले गेले हे पाहण्याचे कष्ट किती जण घेतील? जे पान पूर्वी चाळिसाव्या स्थानी होते त्याचा आवाज या उत्तरात येणे आणखी कठीण आहे. म्हणून सूचीचे काम लांबणीवर टाकू नये. ज्या गावात जुन्या अंकांची पेटी आहे तेथील कार्यकर्त्याने ती या महिन्यात उघडावी आणि पहिल्या अंकापासून नोंदी करायला बसावे.